एकशे पंचावन्नवर थांबा

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. ताप बघायचा नव्हे. मला कुणी काखेत धरत नाही. वाटीच्या तळाएवढी गोल तबकडी हे माझं तोंड, त्यावर एक काळा काटा, आणि खाली वीतभर लांब पोलादी दांडी. दांडी गरम पातेल्यात बुडवायची आणि काटा काय सांगतो ते वाचायचं, एवढंच माझं काम. इतकं सोपं काम करूनही जन्मभर गोंधळात राहिलेला दुसरा कुणी तुम्हाला भेटायचा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे टेबलाशी बसलेल्या एक बाई आम्हा सगळ्यांची परीक्षा घ्यायच्या. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायच्या. काटा शून्यावर यायला हवा. मग खळखळ उकळत्या पाण्यात. काटा शंभरावर यायला हवा. मी दोन्ही वेळा बरोबर उत्तर दिलं. "हा सरळ आहे," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवलं. ते वाक्य मी छातीशी धरून बसलो. आपल्याला कुणी एकदा सरळ म्हटलं की आपण पुन्हा स्वतःला तपासत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

हार्डवेअरच्या दुकानात मी बरेच महिने काचेच्या कपाटात पडून होतो. एक दिवस उंच, काटकुळे, नखांत हिरवा रंग अडकलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"काय उकळायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"प्लास्टिक."

"ते कशाला?"

"माशांना फसवायला," असं म्हणून त्यांनी मला खिशात टाकलं.

वाटभर मी विचार करत होतो. प्लास्टिक उकळलं की मासे कसे फसतात? आणि फसवाफसवीच्या कामात माझ्यासारख्या सरळ वस्तूला का नेत आहेत?

त्या गृहस्थांना पुढे घरचे-दारचे सगळेच आबा म्हणू लागले, म्हणून मीही आबाच म्हणतो. हौसेने गळ टाकणाऱ्या लोकांसाठी ते घरामागच्या खोलीत हाताने मऊ आमिषं बनवायचे. पत्र्याचं छप्पर, मोठी खिडकी, धूर ओढणारा पंखा, एक लांब बाक, भिंतीवर खिळ्यांची रांग आणि त्यावर टांगलेल्या सळया, अशी ती खोली. तिथलं पातेलं स्वयंपाकघरात न्यायला सक्त मनाई होती.

आता काम कसं चालायचं ते सांगतो. कच्चं प्लास्टिक दिसायला अगदी दुधासारखं असतं. घरात त्याला दूधच म्हणायचे. ते पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवायचं आणि सावकाश ढवळायचं. घाई केली की बुडबुडे धरतात. आधी ते घट्ट होतं, मग त्याच्या गुठळ्या होतात, नासलं की काय असं वाटतं. तरी ढवळत राहायचं. मग एका क्षणी सगळं विरघळून काचेसारखं नितळ होतं. हे व्हायचं एकशे पंचाहत्तर अंशांना. अलीकडेच थांबलं तर आमिष लेचंपेचं होतं आणि हातात फाटतं. पुढे गेलं तर पिवळं पडतं, करपतं, आणि डोळ्यांना झोंबणारा धूर सुटतो.

त्या नितळ दुधात रंग टाकायचा, चिमूटभर चमकी टाकायची. मग पेन्सिलीएवढी गुळगुळीत सळई त्यात बुडवायची, हळूच वर काढायची, शेवटचा थेंब गळू द्यायचा, पाण्यात निववायची, कोरडी ठक्क पुसायची आणि पुन्हा बुडवायची. तीन-चार बुड्या झाल्या की सळईवर मऊ कातडं चढतं. साबणाच्या पाण्यात ते ओढून काढलं की पोकळ नळी हातात येते. तिचं एक टोक पात्याने उभं उभं चिरलं की झालर तयार. पाण्यात ती झालर अशी थरथरते म्हणे, की मोठा मासा तिला जिवंत समजून झडप घालतो.

म्हणजे मित्रांनो, खोट्याच्या कारखान्यात खरं बोलायची नोकरी माझ्या वाट्याला आली होती. हे चांगलं की वाईट, ते मला ठरवता येईना. पण आबांना माझ्याशिवाय करमत नसे. काटा चढू लागला की ते माझ्याबरोबर मोठ्याने मोजायचे. "एकशे साठ, एकशे पासष्ट, एकशे सत्तर, एकशे पंचाहत्तर, बस!" आणि 'बस' म्हणताना बाकावर एक थाप. तळ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या मावशी आमच्या नळ्या तिथे ठेवायच्या. "आबांच्या नळीला मासा नाही म्हणत नाही," असं त्या येईल त्याला सांगायच्या. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असं मी समजायचो.

पुढे आबांच्या मुलाचं लग्न झालं. नवी सूनबाई घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीघर शोधत शोधत तिने आमच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. आबा दचकले, त्यांचं कोपर मला लागलं आणि मी बाकावरून थेट सिमेंटच्या जमिनीवर तोंडावर पडलो.

"अगंबाई! चुकले, चुकले," ती म्हणाली.

"न्हाणीघर शेजारी," आबा हसत म्हणाले. "इथे फक्त मासे अंघोळीला येतात."

माझी काच फुटली नव्हती. दांडी वाकली नव्हती. मला काही झालं नाही, असंच मी धरून चाललो. पण पुढच्या वेळी दूध तापलं तेव्हा आबांनी पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पातेल्यात पाहिलं.

"असं होय?" ते म्हणाले. "बरं बाबा, तुझं तसं तर तसं."

त्या दिवसापासून आबांची मोजणी एकशे पंचावन्नवर थांबू लागली. तिथेच थाप, तिथेच 'बस'. मी चक्रावलो. वय झालं म्हणून घाई करतात की काय? की दूध बदललं? बरं, नळ्या तर पहिल्यासारख्याच सुरेख उतरत होत्या. वीस अंश गेले कुठे? विचारणार कुणाला? मी आकडा दाखवू शकतो, प्रश्न विचारू शकत नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी आबा खोलीत आलेच नाहीत. पुढे घरच्यांच्या बोलण्यातून समजलं की त्यांच्या डोक्यातली एक रक्तवाहिनी तुंबली होती. इस्पितळातून ते घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, आणि शब्दांची तर सगळी अदलाबदल झाली होती. सगळं समजायचं त्यांना, पण मनात एक असायचं आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडायचं. चष्मा हवा असला की म्हणायचे, "शिडी दे."

मुलगा स्वभावाने चांगला, पण नेहमी घाईत. तो म्हणायचा, "शिडी नाही आबा, चष्मा. म्हणा बघू, चष्मा."

आबा म्हणायचे, "शिडी." स्वतःच्या कानांनी ते ऐकायचे आणि कानशिलापर्यंत लाल व्हायचे. दर वेळी कुणीतरी सुधारायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. दिवसचे दिवस एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले होते की बोलत राहिलं पाहिजे, नाहीतर आहे तेही जाईल. पण बोलणार कसं आणि कुणाशी?

मी खिळ्यावर लटकलेलो होतो. तबकडीवर धूळ साचली. एका कोळ्याने माझ्यापासून सळईपर्यंत जाळं विणलं. माझं काय चुकलं हे मला कुणी सांगेना. एक दिवस मुलगा टेप घेऊन आला आणि भिंती मोजू लागला. सामान काढून टाकून इथे आबांसाठी खोली करायची, भिंतीतून शेजारच्या न्हाणीघरात जायला दार काढायचं, असा त्याचा बेत होता. बेत वाईट नव्हता. फक्त आबांना कुणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात होडीवाल्या मावशी आल्या. दार उघडंच होतं. आबांची खुर्ची उंबऱ्यापाशी उन्हात ठेवली होती.

"पुढच्या महिन्यात तळ्यावर स्पर्धा आहे," मावशी म्हणाल्या. "पन्नास नळ्या हव्या होत्या. हिरव्या, पाठीवर तांबूस छटा. लोक आबांच्याच मागतात हो."

"आता ते कुठलं जमायला, मावशी," मुलगा म्हणाला. "ही खोलीच रिकामी करतोय."

"मग पाकिटातल्या आणाव्या लागतील. चालायचंच."

एवढ्यात आबांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. "छत्री!" ते ओरडले. "छत्री! छत्री!"

मुलगा धावत जाऊन छत्री घेऊन आला. आबांनी ती ढकलून दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी चपला शोधू लागल्या. कुणालाच काही कळेना, आणि मला तर नाहीच नाही.

सूनबाई इतका वेळ कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल तसाच दोरीवर टाकला आणि म्हणाली, "पन्नास ना? मी करते."

"तुला येतं?" मुलाने विचारलं.

"मला कुठे येतंय? आबांना येतं. ते बसतील शेजारी."

"अगं, ते सांगणार कसं?"

"ते बघू."

"आठ दिवस बघ," मुलगा म्हणाला. "नाही जमलं तर मग खोलीचं काम सुरू करू."

दुसऱ्या दिवशी तिने खोली झाडली, कोळ्याचं जाळं काढलं, मला ओल्या फडक्याने पुसलं. तोंडाला पट्टी बांधली, खिडकी उघडली, पंखा लावला, हातमोजे चढवले. दुधाच्या बाटलीवर छापलेलं होतं, एकशे पंचाहत्तर अंश. तिने ते दोनदा वाचलं. मला पातेल्यात बुडवलं. मी ठरवलं, आज चूक करायची नाही. किती वर्षांनी कुणीतरी पूर्ण एकशे पंचाहत्तर मागत होतं!

काटा चढू लागला. आबा खुर्चीत पुढे सरकले. आणि काय सांगू, ज्यांच्या तोंडून महिनोन्महिने धड शब्द निघाला नव्हता, ते काट्याकडे बघून मोजू लागले. "एकशे तीस. एकशे पस्तीस. एकशे चाळीस." एकही आकडा चुकला नाही. सूनबाईचा चेहरा उजळला. "वा, आबा!" ती म्हणाली. "एकशे पन्नास. एकशे पंचावन्न..." आणि आबा थांबले. त्यांनी बाकावर थाप मारली.

"पुढे?" ती हळूच म्हणाली. "एकशे साठ, आबा. एकशे साठ."

आबांनी तोंड घट्ट मिटलं. तिला वाटलं, पुढचं विसरले. मलाही तसंच वाटलं. मी चढत राहिलो. एकशे पंचाहत्तरला मी पोचलो तेव्हा पातेल्यातून पिवळट धूर निघत होता. दूध करपलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. शिवाय त्या दिवशी तिने सळई पाण्यातून काढली आणि न पुसता तशीच पातेल्यात घातली. गरम प्लास्टिक तडतडून उडालं आणि हातमोज्याच्या वर मनगटाला चटका बसला. आबांनी डाव्या हाताने एक फडकं तिच्या अंगावर फेकलं आणि ओरडले, "शाळा! शाळा!" तिला वाटलं, आबा रागावले. ती नळाखाली हात धरून उभी राहिली. ती रडली की काय, ते मला नीट दिसलं नाही.

"अगं, सोड ना," मुलगा दारातून म्हणाला. "सगळ्या घराला वास येतोय. त्यांनाही त्रास, तुलाही त्रास."

"त्यांनी फडकं फेकलं," ती म्हणाली. "फडकंच का फेकलं? हाताशी पकड होती, कात्री होती." तिने वाकून ते फडकं उचललं, बाकावरच्या सळईकडे पाहिलं. मग एकदम वळली. "सळई पुसायची होती! आबा, सळई कोरडी करायची का आधी?"

आबांनी इतक्या जोरात मान हलवली की खुर्ची करकरली.

तिसऱ्या दिवशी तिने सळया कोरड्या करून ओळीने मांडल्या आणि दूध चढवलं. आबा मोजत गेले. एकशे पंचावन्नला थाप पडली, तोंड मिटलं. या वेळी ती "पुढे" म्हणाली नाही. शेगडीचं बटण बंद करून पातेल्यात वाकली. दूध काचेसारखं नितळ होतं. तळाला चिकटून राहिलेला जुन्या चमकीचा एकेक कण दिसत होता.

"तुम्ही विसरत नव्हता," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही थांबत होता."

आबांनी डोळे मिटून घेतले आणि दीर्घ श्वास सोडला.

"पण मग बाटलीवर असं का लिहिलंय?" तिने विचारलं. आबांनी माझ्याकडे बोट केलं. मग हात बाकाच्या कडेवरून खाली जमिनीपर्यंत नेला आणि तोंडाने आवाज केला, "धप्!" आणि दाराकडे बघून गालात हसले. ती आधी दाराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिने कपाळावर हात मारला.

तिने स्वयंपाकघरातून एका डब्यात पाणी आणलं आणि शेगडीवर ठेवलं. पाणी खळखळून उकळू लागलं. तिने मला त्यात सोडलं. मी मन लावून मोजलं. सगळी ताकद लावली. काटा ऐंशीवर येऊन उभा राहिला आणि तिथून हलेना.

मित्रांनो, उकळतं पाणी शंभर असतं, हे मला जन्मल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाणी उकळत होतं, बुडबुडे माझ्या दांडीला आपटत होते, आणि मी ऐंशी म्हणत होतो. माझं त्या वेळी काय झालं ते सांगता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी चूक सांगत होतो, आणि मला सरळ वाटत होतं! आबांना हे माहीत होतं आणि त्यांनी मला फेकून दिलं नव्हतं. ते नुसते वीस अंश अलीकडे थांबत होते. मला लाज वाटावी की आनंद व्हावा, हेच कळेना. आजही नीटसं कळत नाही.

"बिघडलाय तो. टाकून दे," मुलगा म्हणाला.

"बिघडलाय खरा," सूनबाई म्हणाली. "पण रोज तेवढाच बिघडतो. आज वीस, उद्या पाच, असं असतं तर टाकला असता." आणि तिने आपल्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका माझ्या काचेवर एकशे पंचावन्नपाशी ठेवला. तो जरा ओघळला. मी आरशात पाहिलेलं नाही, पण मला नाक फुटल्यासारखं दिसत असणार.

पहिली धड नळी सळईवरून उतरली तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीतून बाकावर आलं होतं. सूनबाईने तिचं टोक चिरलं आणि झालर बोटांनी पसरली. आबा हर्षाने म्हणाले, "छत्री!"

तिने हातातल्या नळीकडे पाहिलं. झालर गोल फाकली होती, मधे पोकळ दांडा. "हो की," ती म्हणाली. "छत्रीच आहे ही!" तिने सुधारलं नाही. ती हाक मारत बाहेर गेली, "अहो, ऐकलंत का? आबा त्या दिवशी छत्री मागत नव्हते. छत्र्या मी करतो, असं म्हणत होते!"

मुलगा आत आला. त्याने ती नळी तळहातावर घेऊन फिरवून पाहिली. मग आबांच्या खुर्चीजवळ खाली बसला आणि म्हणाला, "शिडी आणू का, आबा? तुमची शिडी घरात राहिलीय." आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

पन्नास छत्र्या मावशींना मिळाल्या. त्यातल्या पाच-सहा वाकड्या होत्या, आणि मावशी म्हणाल्या की माशाला कुठे फूटपट्टी लागते. न्हाणीघरात जायचं नवं दार झालं, पण बाक तिथेच राहिला. मुलाने एक नवा आकडेवाला थर्मामीटर आणला. तो अगदी खरं सांगतो, पण त्याचे आकडे उड्या मारत जातात, एकशे एकेचाळीस, एकशे त्रेचाळीस, एकशे सत्तेचाळीस, आणि आबांची मोजणी मधेच घसरते. म्हणून तो सूनबाईच्या हातात असतो आणि मी पातेल्यात. आबा माझ्याबरोबर मोजतात. मोजून झालं की पुढे एखादा शब्द आपोआप येतो. कधी बरोबरही येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, किंवा आबांसारखं कुणी माणूस असेल, जे सांगतात एक आणि निघतं दुसरंच. त्यांना फेकण्याआधी, किंवा घाईघाईने सुधारण्याआधी, ते नेमके किती आणि कसे चुकतात ते एकदा शांतपणे बघा. वस्तूला उकळत्या पाण्यात घालून बघितलं तरी चालेल. माणसाला घालू नका. त्याच्याजवळ फक्त बसा.

आज सकाळचीच गोष्ट. दूध अजून तापायचं होतं. आबांनी भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "बोका."

आमच्या घरात बोका नाही. सूनबाईने भिंतीकडे पाहिलं. तिने सळई दाखवली. आबांनी मान हलवली, नाही. चिमटा दाखवला, नाही. जुनं कॅलेंडर दाखवलं; त्यावर त्यांनी मान अशी काही हलवली की ते हो होतं की नाही, तेच समजेना. "बोका," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यांना स्वतःलाच हसू आलं.

मला काही कळलं नाही. तिलाही नाही. तिने शेगडी बंद केली, आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवली आणि म्हणाली, "बरं, बोका. कसला बोका, आबा? सांगा सावकाश. मला काही घाई नाही."